बेबीनंदाची दुपार

चपलेच्या अंगठ्यात नवा दोरा दिसत होता — काळ्या चपलेला पांढरा दोरा, मेण लावलेला, आणि टोकाची गाठ अजून मळलेली नव्हती, म्हणजे कालच, फार तर परवा शिवून घेतलेली... सत्यशीला शिक्षकांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर पर्स छातीशी धरून उभी होती आणि तिला स्वतःच्या चपला काढायचं सुचत नव्हतं. ओळीतल्या बाकीच्या चपला कुणाच्याही असू शकल्या असत्या, ही एकच बेबीनंदाची होती. तिच्यावर पायाचा ठसा उमटला होता, पाचही बोटांसकट. एप्रिलअखेर नोकरी सोडून घरी बसणारी बाई. आजारपण नाही, सक्ती नाही, स्वतःच्या हाताने अर्ज लिहून, निवृत्तीच्या वयाला कितीतरी वर्षं बाकी असताना. आणि जाता जाता चप्पल शिवून घेते. नवी परवडत नाही म्हणून नव्हे. नव्या चपलेने आपल्याला काही मिळणार नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणून... हा विचार आला आणि सत्यशीलेला त्याचा राग आला, कारण तो खरा होता.

शनिवारची सकाळची शाळा. मार्च संपत आला होता, तरी आठ वाजताच पत्रे तापायला लागले होते आणि खोलीतला पंखा नुसताच आवाज करत होता. बेबीनंदा कोपऱ्यातल्या तिच्या नेहमीच्या खुर्चीवर चौथीचे पेपर तपासत होती. तिने मान वर केली, हसली, आणि बाजूची खुर्ची पायाने पुढे सरकवली — वीस वर्षं ती असंच करत आली होती.

"जामीनदाराचं काय झालं ग?" तिने विचारलं. आवाजात घाई नव्हती. घाई असती तर बरं झालं असतं.

"धर्मराज सर टाळाटाळ करून राह्यले," सत्यशीला म्हणाली. "आज सांगतो, उद्या सांगतो. आता दुसरं कुणी बघावं लागंल."

"बरं," बेबीनंदा म्हणाली आणि पुन्हा पेपरात वाकली.

एवढंच. सत्यशीलेने पर्स टेबलावर ठेवली, उगाच उघडली, बंद केली. धर्मराज सर टाळाटाळ करत नव्हते. धर्मराज सरांनी महिन्यापूर्वीच, पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून, सही करायला मी तयार आहे असं सांगितलं होतं, आणि त्यानंतर दोनदा स्वतःहून विचारलंही होतं. टाळाटाळ मी करते आहे. का करते आहे, ते मला विचारू नका.

गोष्ट साधी होती. पतसंस्थेतून सत्यशीलेने उचललेल्या कर्जाला बेबीनंदा जामीन होती, आणि जामीनदार बदलून मिळाल्याशिवाय पतसंस्था बेबीनंदाला बेबाकीचा, म्हणजे काही देणं नसल्याचा, दाखला देणार नव्हती, आणि तो दाखला जोडल्याशिवाय तिची फंडाची रक्कम निघणार नव्हती. म्हणजे बेबीनंदाचं जाणं सत्यशीलेच्या हातात अडकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच बेबीनंदाची एखादी गोष्ट तिच्या हातात होती, आणि ती तिच्याने सोडवत नव्हती — रोज सकाळी उठून ती ठरवायची की आज सोडायची, आणि शाळेच्या फाटकातून आत येताना बेबीनंदा चालत येताना दिसली, छत्री उघडून, रमत, की मूठ आपोआप आवळली जायची.

घंटा झाली. दुसरीच्या वर्गात जाऊन तिने फळ्यावर हातच्याची बेरीज लिहिली आणि मुलांना करायला सांगितली. मुलं माना खाली घालून लिहायला लागली आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली... याच खिडकीशी, एक्याऐंशीच्या जूनमध्ये, ती आणि बेबीनंदा पहिल्या दिवशी उभ्या होत्या. दोघी औरंगाबादच्या वसतिगृहात एकत्र शिकलेल्या, दोघी खुरपायला जाणाऱ्या बायांच्या पोरी. सत्यशीला अंबडकडची, बेबीनंदा भोकरदनकडची. शिक्षणसंस्थेने दोघींना एकाच दिवशी रुजू करून घेतलं. मस्तगड भागात एका दुकानाच्या माडीवर दोघींनी मिळून एक खोली घेतली. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी सत्यशीला बाजारात गेली आणि चिनीमातीचे सहा कप आणि सहा बश्या घेऊन आली, निळ्या फुलांचे, आणि ते मांडायला खोलीत फळीसुद्धा नव्हती.

"सहा कशाला?" बेबीनंदाने विचारलं होतं. "आपण तर दोघी."

सत्यशीला कप पुसून पुसून जमिनीवर मांडत राहिली होती. तिची आई, कांताबाई, ज्यांच्या शेतात जायची त्यांच्या वाड्याच्या बाहेर, भिंतीतल्या कोनाड्यात, एक कान तुटलेला कप उपडा घातलेला असायचा. तो आईचा कप. चहा वरून ओतायचे. पिऊन झाला की आईनेच तो धुवायचा आणि परत तिथेच उपडा घालायचा. लहानपणी सत्यशीला आईबरोबर जायची तेव्हा तिलाही त्याच कपात, आईच्या नंतर. पहिल्या पगारातून काय घ्यायचं हे तिला शिकत असताना कधीच विचारावं लागलं नव्हतं. आणि मग पगार वाढत गेला आणि वस्तू येत गेल्या. कपांच्या मागून शोकेस, लग्न झाल्यावर टीव्ही, चौथा वेतन आयोग लागला तेव्हा फ्रीज, फरकाच्या पैशात सोफा, अण्णासाहेबांना स्कूटर. अण्णासाहेब पाटबंधारे खात्यात; घरात दोन पगार; काय कमी होतं. वाढ जाहीर व्हायची आणि ती हातात पडायच्या आधीच तिची वाट लावलेली असायची. आधीचं कर्ज फिटत आलं की पतसंस्थेचा माणूस स्वतःच सांगायचा, बाई, आता तुमची पत वाढली, तुम्हाला जास्त मिळू शकतं, आणि तिला ते ऐकताना मान ताठ झाल्यासारखं वाटायचं. पत. आईला कधी कुणी असं म्हटलं नव्हतं. पाचव्या आयोगावर गावाबाहेर प्लॉट घेतला, त्यावर घर बांधलं, मुलाला इंजिनिअरिंगला घातलं. पगार रुजू होतानाच्या कित्येक पट झाला आणि हातात येणारा तेवढाच उरला, मस्तगडच्या खोलीत होता तेवढाच. फक्त तेव्हा तो संपायचा, आता तो यायच्या आधीच गेलेला असतो.

पण माझ्याकडे कारण होतं, ती स्वतःला सांगायची. तो कप होता. माणूस उगाच वस्तू घेत नाही...

आणि बेबीनंदाकडे? बेबीनंदाच्या आईलाही तसाच कप होता. वसतिगृहात, एकदा दिवे गेलेले असताना, बेबीनंदानेच तो सांगितला होता. तिच्या आईचा तर कान न तुटलेला, पण आतून तडा गेलेला. कारण दोघींकडे एकच होतं. मग हिने काय केलं त्या कारणाचं?

हिने काहीच केलं नाही. दिसेल असं काहीच नाही. लग्न झालं पुंजारामशी, जो हंगामात कापसाच्या जिनिंगवर कामाला जायचा आणि एरवी मिळेल ते करायचा, म्हणजे घरात खरा पगार एकच. पगार वाढला की ही वर्षभर जुन्याच पगारात राहायची. तिने एकदा तसं सांगितलंही होतं — "मी मागच्या साली जगून राह्यले" — आणि सगळ्या शिक्षिका हसल्या होत्या, सत्यशीला सगळ्यांत मोठ्याने. भिशीत ती कधी आली नाही. लग्नाला गेली की अहेर पाकिटात इतका पातळ की लोक उघडून एकमेकांकडे बघायचे. मुलीला सहलीला पाठवलं नाही म्हणून मुलगी दोन दिवस शाळेत सुजलेल्या डोळ्यांनी बसली होती. तेव्हा सत्यशीलेनेच पैसे भरायची तयारी दाखवली होती, आणि बेबीनंदाने नको म्हटलं होतं. फ्रॉक मात्र घ्यायची. सत्यशीलेच्या मुलीला आखूड झालेले फ्रॉक, चांगले, लेस लावलेले, सत्यशीला इस्त्री करून पिशवीत घालून द्यायची आणि बेबीनंदा पिशवी घेऊन "बरं झालं ग" म्हणायची, सहज, आणि देताना सत्यशीलेच्या अंगावरून एक गार, सुखाची लहर जायची. किती वर्षं. त्या लहरीची तिला सवय झाली होती. बेबीनंदा बिचारी. बेबीनंदाला जमलं नाही. आणि आता ती बिचारी छत्री उघडून घरी चालली होती, जिच्यावर एका पैशाचं देणं नव्हतं, जिची मुलगी नर्सिंग संपवून कमवायला लागली होती, आणि मी... मला अजून चौदा वर्षं इथे यायचं होतं, याच खिडकीशी, कारण घराचे हप्ते माझ्या निवृत्तीच्या महिन्यात संपणार होते.

"बाई, झालं," एक मुलगी म्हणाली. सत्यशीलेने वही घेतली. हातचा धरायचा राहिला होता. तिने काहीच न बोलता बरोबरची खूण केली आणि मग लक्षात आल्यावर ती खोडली.

मधल्या सुट्टीत सगळे खोलीत चहाला जमले. बेबीनंदाच्या निरोपाला काय द्यायचं यावर कुणीतरी बोलत होतं, बेबीनंदाच्याच समोर, कारण तिला विचारल्याशिवाय काही दिलं तर ती परत करील अशी भीती. भिंतीवरचं घड्याळ द्यावं की साडी. बेबीनंदा म्हणाली, "घड्याळ नको ग बाई. त्याच्यापासूनच तर सुटून राह्यले," आणि सगळे हसले. सत्यशीलाही हसली. तिच्या डोक्यात आज सकाळपासून एक चित्र होतं, जे ती कुणाला सांगू शकली नसती. अण्णासाहेबांनी एक गाडी बघून ठेवली होती, जुनी पण चांगल्या स्थितीतली, लाल मारुती. धर्मराज सर जामीन होतायत तर कर्ज थोडं वाढवूनच घेऊ, अण्णासाहेब आज सकाळी घरी चहा पिताना म्हणाले होते. आणि तिला दिसलं होतं: निरोपाचा दिवस, हार घातलेली बेबीनंदा शाळेच्या फाटकाशी, आणि आपण गाडीचं दार उघडून म्हणतोय, बस, घरी सोडते. तिला नेमकं तेवढंच हवं होतं. ती बसेल, त्या शिवलेल्या चपलांसकट, आणि काचेतून बाहेर बघेल, आणि तिच्या तोंडावर...

दार ढकलून धर्मराज सर आत आले. हात खडूने पांढरे. त्यांनी चहाचा ग्लास उचलला, एक घोट घेतला, आणि सरळ सत्यशीलेकडे वळून म्हणाले, "मॅडम, ते पतसंस्थेचं कवा उरकायचं? मी तर कधीचा तयार हाय. तुम्हीच म्हणल्त्या, पुढच्या सोमवारी, पुढच्या सोमवारी. इकडं बेबीनंदा मॅडमचं काम अडकून पडलंय."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. कळण्यासारखं त्यात दुसऱ्या कुणाला काही नव्हतंच. सत्यशीलेला मात्र कानामागे ऊन लागल्यासारखं झालं, आणि तिने बेबीनंदाकडे बघितलं नाही. टेबलावरच्या बशीतल्या बिस्किटाच्या चुऱ्याकडे बघत राहिली.

"सोमवारी जाऊ मंग," बेबीनंदाचा आवाज आला. "तिघं बी. शाळा सुटल्यावर."

"बराबर," धर्मराज सर म्हणाले.

नंतरचे दोन तास कसे गेले ते तिला आठवलं नसतं. शाळा सुटली तेव्हा ती मुद्दाम रेंगाळली, हजेरी पुन्हा तपासली, कपाटाला कुलूप लावलं, ओढून बघितलं. बाहेर आली तर बेबीनंदा फाटकाशी छत्री उघडून उभी.

"चल," ती म्हणाली. "माझ्याकडून चहा पिऊन जा. तुझ्या शिकवणीला वेळ हाय अजून."

दोघी चालू लागल्या. रस्त्यावर ऊन असं पडलं होतं की दुकानदारांनी ताडपत्र्या खाली ओढल्या होत्या आणि माणसं आत कुठेतरी होती. सत्यशीला या रस्त्याने पायी कितीतरी वर्षांत आली नव्हती. छत्री एक होती. बेबीनंदा ती दोघींच्या मध्ये धरत होती आणि दोघींचाही एकेक खांदा उन्हात राहत होता. 

"तू काही म्हणाली नाहीस," शेवटी सत्यशीलाच बोलली.

"काय म्हणू?"

"मी खोटं बोलले ते."

"मला ठाऊक होतं ग. धर्मराज सर मला लई आधी बोलल्ते."

"मग?" सत्यशीला थांबली. छत्री दोन पावलं पुढे गेली आणि परत आली. "मग रोज विचारत काय होतीस मला?"

"बघत होते," बेबीनंदा म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी टोचणारं होतं. "किती दिवस तू तेच सांगतीस ते. राग आल्ता. लई आल्ता. मी घरी बोलले बी, की हिनं हप्ते थकवले असते आणि माझ्या पगारातून कापून नेले असते, तरी इतका राग आला नसता."

सत्यशीलेला बरं वाटलं. तिला रागावलेली बेबीनंदा हवी होती, ही समजूतदार असती तर तिच्याच्याने पुढे एक पाऊल टाकलं गेलं नसतं.

घर मोतीबाग तलावाच्या अलीकडे, एका बोळात. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत एक बाज. सत्यशीला इथे वास्तूला आली होती, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा भिंतींना गिलावा नव्हता आणि तिने मनात म्हटलं होतं, एवढंच? आता गिलावा होता, पांढरा. दाराशी पुंजाराम सायकल पुसत होते. त्यांनी मान लववली, "या बाई," म्हणाले, आत जाऊन दोन फुलपात्रांत पाणी आणून ठेवलं आणि सायकल घेऊन निघून गेले. बेबीनंदाने चहा टाकला. खोलीत फ्रीज नव्हता, हे सत्यशीलेने येताक्षणी बघितलं, आणि आपण ते बघितलं हेही तिला दिसलं.

"तुमच्याकडं फ्रीज आल्ता ना," बेबीनंदा आतून म्हणाली, पाठमोरीच, "त्या उन्हाळ्यात माझी पोरगी रोज तुझ्या घरी यायची. बर्फ आणायला. वाटी घेऊन."

"हो. मी चार-चार खडे द्यायची तिला."

"घरी येईस्तोवर अर्धं पाणी व्हायचं. मी ते मोरीत ओतायची. तिच्या देखत. खडे, पाणी, सगळं. ती रडायची. तिला कारण सांगता येत नव्हतं मला." चहा उकळून वर आला आणि तिने गॅस बारीक केला. "आणि तुझे ते फ्रॉक. शिवण उसवायची मी त्यांची. सगळी. आणि परत शिवायची, मशीन नव्हती तर हातानं. मंग ते माझे वाटायचे."

 सत्यशीलेला काहीतरी वाटलं, आणि ते काय आहे हे तिने नीट बघितलं तेव्हा ती चपापली, कारण तो आनंद होता. साधा, निर्लज्ज आनंद. म्हणजे ती बघत होती. म्हणजे तिला जळायला होत होतं. सोफा आला तेव्हा, स्कूटर आली तेव्हा, घराच्या वास्तूला ती कोपऱ्यात बसून पुरी मोडत होती तेव्हा... मला वाटायचं हिच्यापर्यंत काही पोचतच नाही.

"मग घ्यायचा होता की तूसुद्धा," ती म्हणाली. "तुला कुणी अडवलं होतं?"

"दुकानात जाऊन आल्ते दोनदा. दार उघडून बघितलं. आतला दिवा लागतो ना, ते लई आवडल्तं मला." बेबीनंदाने चहा पुढे केला. साधा स्टीलचा पेला होता, दोघींना सारखाच. "पण मला दुसरं काही पाहिजे होतं. सांगितलं असतं तर तुम्ही हसल्या असत्या."

"काय?"

"दुपार," बेबीनंदा म्हणाली.

सत्यशीलेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"माझी आई दुपारची कधी घरी नसायची. सुट्टीच्या दिवशी बी मी घरी एकटी. दारात बसून राह्यचे. आईला म्हणायचे, मोठी झाले की मी दुपारी घरी राहीन, आणि तू बी राह्यचं. आपण दोघी झोपू. ती हसायची." ती बाजेवर टेकली. "आई तर गेली. पण मी म्हणलं, आपण तरी राहावं. म्हातारपणी न्हाई, तेव्हा काय, सगळेच घरी असतात. डोळे चांगले हायेत, गुडघे चांगले हायेत, तोवर. पगार वाढला की मला वाटायचं, हे वाढलेलं ह्याच्यासाठीच हाय. फ्रीज घेतला तर दोन वर्षं मागं जाईल. सोफा घेतला तर अजून. असं मोजत मोजत... पोरीला सहलीला पाठवलं न्हाई मी त्याच्यापायी. ती अजून बोलत न्हाई माझ्याशी त्याच्यावर. तिच्या बालपणातून काढून मी माझी दुपार घेतली, म्हण."

बाहेर बोळात कुणी नव्हतं. पडवीच्या पत्र्याखाली उन्हाची कड जमिनीवरून अगदी हळू सरकत होती आणि दोघी तिच्याकडे बघत होत्या. सत्यशीलेने चहा संपवला. तिला एक प्रश्न विचारायचा होता, तो तिने थट्टेसारखा विचारला, उठता उठता, पदर सावरत.

"आणि आता? आता वाटतो का ग माझा हेवा?"

 बेबीनंदा खरंच आठवून बघत होती — घरात कुठे ठेवलेली वस्तू सापडते का ते मनातल्या मनात बघावं तशी. सत्यशीला हातातला पदर तसाच धरून वाट बघत उभी होती.

"न्हाई ग," बेबीनंदा म्हणाली. "आता न्हाई. कवा गेला ते कळलंच न्हाई बघ."

घरी येईपर्यंत अडीच वाजले होते. रिक्षातून उतरताना तिला आपलं घर समोर दिसलं, गुलाबी, गच्चीवर टाकी, फाटकावर दोघांची नावं कोरलेली संगमरवरी पाटी, आणि ती क्षणभर रस्त्यावरच थांबली. घर नेहमीसारखंच होतं. पण ते बघायला ती नेहमी जिथे उभी राहायची — स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या तरी डोळ्यांच्या मागे — ती जागा आज सापडेना. तिने या घराला रंग निवडला तेव्हा दुकानात उभं राहून कुणाचे डोळे आपल्या मागे होते? निळ्या फुलांचे कप तिने आईसाठी घेतले असं ती इतकी वर्षं समजत आली; पण आई तर गावी होती, आईने ते कप बघितलेसुद्धा नाहीत बरीच वर्षं. बघितले ते खोलीत बसलेल्या दुसऱ्या मुलीने. जिने विचारलं, सहा कशाला.

अण्णासाहेब दुपारचे जेवून पेपर वाचत होते. "उशीर झाला," ते म्हणाले. "तो गाडीवाला येऊन गेला. सोमवारी संध्याकाळी बोलवून राह्यला. म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक तयार हाय."

"सोमवारी मला पतसंस्थेत जायचंय. धर्मराज सर येतायत."

"मग झालं की. तिथंच वाढवून घ्यायचं बोल. एका खेपेत दोन्ही कामं."

ती "बघू" म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. तीनला शिकवणीची मुलं येणार होती, त्यांच्या फीवरच मुलाच्या खानावळीचा खर्च चालायचा, आणि ती यायच्या आत चटया टाकायच्या असायच्या. तिने चटया काढल्या नाहीत. पलंगावर आडवी झाली. शनिवारी दुपारी ती या पलंगावर कधी पडली होती, तिला आठवेना. डोळे मिटून तिने गाडीची इच्छा होती तिथे जाऊन बघितलं. लाल रंग होता. काच होती, दार होतं, दार उघडणारा आपला हात होता. पण हार घातलेल्या बाईला आता तिथे उभं करता येत नव्हतं. ती यायची, गाडीकडे बघून छान आहे म्हणायची, मनापासून, आणि छत्री उघडून चालायला लागायची.

मग तिने रागावून बघितलं. हे बरं आहे, पोरीला रडवायचं आणि आपण झोपायचं. कंजूष बाई. तिने हे शब्द मनात दोन-तीनदा म्हटले, आणि ते बरोबर होते, पण त्यांना चव नव्हती. हेवा गेला नव्हता. तो छातीत होताच, दुपारच्या उन्हासारखा पसरून. पण इतके दिवस तो बेबीनंदाच्या अंगावर धावून जायचा, आणि आता त्याला जायला दिशा राहिली नव्हती. आपल्याकडे कुणी बघत नाहीये. ही गोष्ट तिने हळूच, शब्द न करता स्वतःला सांगून बघितली, आणि तिला भीती वाटली. आणि भीतीच्या अगदी लगत, इतकी लगत की दोन्ही वेगळ्या काढता येईनात, खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

फाटकाची कडी वाजली. मुलांचे आवाज आले, चपला काढल्याचे, दप्तरं टेकवल्याचे. "अगं, मुलं आलीत," अण्णासाहेब बाहेरून म्हणाले. ती उठणार होतीच. उठून चटया टाकणार होती, सोमवारी पतसंस्थेत जाणार होती, आणि तिथे खिडकीशी बसलेला माणूस किती हवेत असं विचारील तेव्हा काय सांगायचं ते तिला अजिबात ठाऊक नव्हतं. पण अजून क्षणभर ती पडून राहिली. पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन तिच्या मनगटावर पडलं होतं, आणि ते तिथे किती वेळ राहतं हे बघण्याची तिला, का कोण जाणे, उत्सुकता वाटत होती.